सर्पगंधेपासून सर्पविषापर्यंत

मराठीत ‘हार्टफेल’ हा शब्द आला तो मृत्यूचेच दुसरे नाव होऊन. अमुक गृहस्थ पहाटे चहा घेता घेता हार्टफेलने गेले, असे आपण सहज म्हणून जातो आणि त्यात रोगाचे वर्णन नसून केवळ प्रसंगाची आकस्मिकता तेवढी सांगितलेली असते. म्हणूनच समोर खुर्चीवर बसलेल्या, बोलत्याचालत्या रुग्णाकडे हात करून डॉक्टर जेव्हा ‘यांना हार्ट फेल्युअर आहे’ असे सांगतात, तेव्हा नातेवाइकांच्या मुद्रेवर अर्धी भीती आणि अर्धा अविश्वास उमटतो. माणूस तर जिवंत आहे, मग हृदय फेल कसे? डॉक्टरांना अभिप्रेत असते ती, शरीराला हवे तितके रक्त पुढे ढकलण्यास हृदय पुरे न पडण्याची, वर्षानुवर्षे चालणारी अवस्था. संध्याकाळी पायांवर सूज, एक जिना चढताच दम, रात्री आडवे पडल्यावर जीव कोंडून उठून बसणे आणि उशाशी एकीच्या दोन, दोनांच्या तीन अशी उशांची होत जाणारी वाढ, ही तिची ओळख. दुसरा शब्द ‘बीपी’. ‘त्यांना बीपी आहे’ असे आपण म्हणतो, जणू काही इतरांच्या रोहिण्यांतून रक्त दाबाविनाच वाहत असते!

हे दोन शब्द लोकव्यवहारात दोन निराळे रोग म्हणून नांदतात. पण वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त लोटता लोटता हृदयाची भिंत आधी जाड होते आणि पुढे थकते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत ही एकाच दस्तऐवजाची पहिली आणि शेवटची पाने आहेत असे दिसते. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल या ‘प्रिल’ आडनावाच्या औषधांचा, ज्यांना डॉक्टर एसीई इनहिबिटर म्हणतात त्यांचा, आढावा घ्यावयाचा तो या दोन्ही पानांच्या संदर्भात. त्यांची कीर्ती रक्तदाब उतरवणारी म्हणून झाली; परंतु माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व थकलेल्या हृदयाच्या प्रांतात आहे, आणि ते तिथे लागू पडेल अशी अपेक्षा प्रारंभी फारच थोड्यांनी केली होती.

औषधे नव्हती तेव्हा काय होत असे, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. २७ मार्च १९४४ रोजी बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकल्याची चिन्हे स्पष्ट होती. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला त्या दिवशी वैद्यक काय देऊ शकले? डिजिटॅलिस, मीठ कमी आणि विश्रांती. याल्टाच्या परिषदेच्या सुमारास तो आकडा २६०/१५० पर्यंत गेला आणि १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे डोके असह्य दुखत असल्याची तक्रार करून ते कोसळले, तेव्हा तो ३००/१९० नोंदला गेला. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दुपारी त्यांचा अंत झाला. त्या काळातील कित्येक नामांकित वैद्य असेही मानीत की अरुंद झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे जावे म्हणून शरीराने दाब मुद्दाम वाढवलेला असतो, त्याला हात लावू नये. आज हे मत हास्यास्पद वाटते. तथापि हाताशी कोणताच उपाय नसला की निरुपायाचेही तत्त्वज्ञान होते, हा अनुभव वैद्यकापुरता मर्यादित नाही.

दाबावर जी अगदी पहिली परिणामकारक औषधे आली त्यांपैकी एक आपल्या जमिनीतली होती. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली कलकत्त्याहून नोंदवला. परंतु जगाने ऐकले ते मुंबईचे हृदयतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून अमेरिकेत प्रयोग सुरू केले, १९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन हे सत्त्व वेगळे काढण्यात आले आणि वकिलांना १९५७ साली लास्कर पारितोषिक मिळाले. मुंबईच्या वैद्यकाला या गोष्टीचा अभिमान असायला हरकत नाही, आणि तो असावा तितका दिसत नाही. मात्र रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले द्रव्य रिकामे करून दाब उतरवीत असे, त्यामुळे नाक चोंदणे, सुस्ती आणि काही रुग्णांत खोल औदासीन्य ही किंमत द्यावी लागे. दाब उतरला, पण माणूसही उतरला, असा तो प्रकार होता. सापाचे नाव घेतलेल्या या वनस्पतीनंतर खुद्द साप या कथेत यायचा होता. पण त्याआधी मूत्रपिंडाचे दप्तर उघडून पाहिले पाहिजे.

१८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टायगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत घातला आणि त्याचा रक्तदाब वाढलेला पाहिला. त्या अर्कातील द्रव्याला त्यांनी ‘रेनिन’ हे नाव दिले आणि शास्त्रजगताने ते सुमारे छत्तीस वर्षे फडताळात टाकून दिले. १९३४ साली क्लीव्हलँडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने थोडी आवळली आणि कुत्र्याचा दाब चढून तो चढलेलाच राहिला, तेव्हा ते फडताळ पुन्हा उघडले. पुढे इंडियानापोलिसमध्ये आर्व्हिन पेज आणि ब्यूनोस आयर्समध्ये ब्राउन-मेनेंदेझ या दोघांनी, एकमेकांच्या नकळत, रेनिनमुळे रक्तात तयार होणारे दाबवर्धक द्रव्य शोधून काढले. एकाने त्याला ‘अँजिओटोनिन’ म्हटले, दुसऱ्याने ‘हायपरटेन्सिन’. दोन्ही पक्ष सुमारे दोन दशके आपापल्या नावावर अडून राहिले आणि अखेर १९५८ साली अर्धे याचे अर्धे त्याचे घेऊन ‘अँजिओटेन्सिन’ असा तह झाला. जमिनीच्या हद्दीचे तंटे इतक्या सामोपचाराने मिटल्याचे मला तरी आठवत नाही.

या यंत्रणेचे काम एखाद्या जुन्या संस्थानाच्या दुष्काळी बंदोबस्तासारखे चालते. रक्त वाहून गेले, जुलाब झाले, अंगातले मीठपाणी आटले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. ते यकृताने तयार ठेवलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा तोडून दहा दुव्यांचे अँजिओटेन्सिन-एक बनवते. हा तुकडा स्वतः जवळजवळ निरुपद्रवी असतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, विशेषतः फुप्फुसात, बसलेले ‘एसीई’ हे विकर त्याचे शेवटचे दोन दुवे छाटते, आणि उरलेल्या आठ दुव्यांचे अँजिओटेन्सिन-दोन हे जे द्रव्य, त्याचा हुकूम सर्वत्र चालतो. सूक्ष्म रोहिण्या आवळतात, अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडून मीठ अडवून धरते, तहान लागते. जखमी शिकाऱ्याला आणि अतिसाराने गळालेल्या मुलाला या व्यवस्थेनेच तारले असेल. अनर्थ होतो तो हृदय थकल्यावर. थकलेले हृदय पुरेसे रक्त पाठवीत नाही, मूत्रपिंडाला वाटते की रक्तच कमी झाले, आणि ते दुष्काळाचे फर्मान पुन्हा काढते. परिणामी, आधीच बुडत्या हृदयापुढे आवळलेल्या रोहिण्यांचा अडथळा आणि मागे अडवलेल्या पाण्याचा लोंढा अशी दुहेरी आपत्ती उभी राहते. पायांवरची सूज हा त्या फर्मानाचा दृश्य शिक्का.

आता साप. ब्राझीलच्या आग्नेय भागात ‘जराराका’ नावाचा विषारी साप आढळतो. सह्याद्रीतील आपला हिरवा चापडा ज्या कुळात मोडतो त्याच कुळातला. त्याच्या विषाचा प्राण्यावर प्रयोग करताना मॉरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना साओ पाउलो येथे रक्तवाहिन्या सैल करणारे एक द्रव्य रक्तात उत्पन्न होताना आढळले आणि १९४९ साली त्यांनी ‘ब्रॅडिकायनिन’ म्हणून ते प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य सेर्जिओ फरेरा यांनी पुढे दाखवले की त्याच विषात आणखी एक घटक आहे, तो ब्रॅडिकायनिनला नष्ट होऊ देत नाही, म्हणजे सापाने भक्ष्याचा दाब पाडण्याची सोय तर केलीच, शिवाय तो पुन्हा सावरणार नाही याचीही तजवीज केली. विषाच्या अर्काची ही पुडी घेऊन फरेरा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. व्हेन यांना त्या वेळी दुसऱ्याच प्रश्नाने पछाडले होते, तो म्हणजे अँजिओटेन्सिन-एकचे दोन होते कुठे? ते मुख्यतः फुप्फुसात होते, हे तिथे सिद्ध होत होते. त्यांचे सहकारी वाय. एस. बखले (आडनाव मराठी कानाला ओळखीचे आहे) यांनी कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कात ते रूपांतर घडवून दाखवले, आणि फरेरांच्या पुडीतला घटक त्यात टाकताच ते थांबले. १९६८ सालची ही गोष्ट.

तात्पर्य, ब्रॅडिकायनिन नष्ट करणारे आणि अँजिओटेन्सिन तयार करणारे विकर एकच निघाले. एकाच कारकुनाकडे दोन खाती होती. एका हाताने तो रोहिण्या आवळण्याचा हुकूम लिही आणि दुसऱ्या हाताने त्या सैल करणाऱ्याचा कागद फाडून टाकी. त्याचा हात धरला की दोन्ही कामे थांबतात. पुढे या औषधांचा जो गुण ठरला आणि जो दोष ठरला, ते दोन्ही इथून निघतात.

व्हेन हे अमेरिकेतील न्यू जर्सीच्या स्क्विब कंपनीचे सल्लागार होते, त्यांच्या आग्रहाने तिथे डेव्हिड कुशमन आणि मूळचे अर्जेंटिनाचे मिगेल ओंदेत्ती यांनी काम हाती घेतले. विषातील नऊ दुव्यांची एक साखळी त्यांनी कृत्रिम रीतीने बनवली. टेप्रोटाइड या नावाने ती रुग्णांवर वापरली गेली तेव्हा दाब खरोखर उतरला. पण ती पोटातून देता येत नसे, सुईनेच द्यावी लागे. आणि जन्मभर सुई टोचून घेण्यास तयार असे गिऱ्हाईक कंपनीच्या हिशेबात बसेना. काम थंडावले. मार्च १९७४ मध्ये या दोघांच्या वाचनात स्वादुपिंडातील एका पाचक विकरावरचा निबंध आला. त्या विकराच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो आणि त्याला चिकटणारा छोटा रेणू त्या निबंधात सांगितला होता. आपले विकरही जस्ताचेच, मग त्याच्या कुलपालाही अशीच छोटी किल्ली का चालू नये? पहिली किल्ली सैल बसली. पण तिच्या टोकाला गंधकाचा गट लावताच तिची पकड सुमारे हजार पटींनी वाढली. हे कॅप्टोप्रिल. आजवर औषधे बहुधा शेकडो द्रव्ये चाळता चाळता हाती लागत. इथे न पाहिलेल्या कुलपाचा आकार तर्काने कल्पून त्याबरहुकूम किल्ली घडवली गेली. १९७७ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९८१ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली, तीही आरंभी इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपुरती. त्या काळी मात्रा फार मोठी दिली जाई, त्यामुळे अंगावर पुरळ उठे, तोंडाची चव जाई. दोष गंधकाच्या माथी मारण्यात आला आणि मर्क कंपनीने गंधकाविना एनालाप्रिल सिद्ध केले, जे यकृतात गेल्यावरच आपले खरे रूप धारण करते. व्हेन यांना १९८२ साली नोबेल मिळाले ते अन्य संशोधनासाठी. कुशमन आणि ओंदेत्ती यांना १९९९ साली तेच लास्कर पारितोषिक मिळाले जे वकिलांना मिळाले होते. फरेरांच्या आणि जराराकाच्या वाट्याला मुख्यतः पाठ्यपुस्तकातील एकेक ओळ आली. सर्पगंधेची मुळी भारताची आणि सत्त्व बाझलचे, विष ब्राझीलचे आणि गोळी न्यू जर्सीची! या वाटणीची तक्रार ब्राझीलमध्ये अजून ऐकू येते आणि ती सर्वस्वी गैरवाजवी नाही. परंतु विषातून गोळीपर्यंतचा तो शेवटचा टप्पा कंपनीच्या प्रयोगशाळेतच चालून झाला, हेही नमूद केले पाहिजे.

थकलेल्या हृदयाच्या रुग्णाचा दाब बहुधा आधीच कमी असतो, त्यास दाब उतरवणारे औषध देणे म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर हात ठेवण्यासारखे वाटे. या शंकेचे उत्तर स्कँडिनेव्हियातून आले. फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील, अंथरुणावर पडल्या पडल्याही दम लागणाऱ्या अशा २५३ रुग्णांपैकी अर्ध्यांना एनालाप्रिल आणि अर्ध्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. सहा महिन्यांत निष्क्रिय गोळीच्या गटातील ४४ टक्के रुग्ण दगावले, एनालाप्रिलच्या गटातील २६ टक्के. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवण्यात आला आणि १९८७ साली ‘कन्सेन्सस’ या नावाने प्रसिद्ध झाला. या आकड्यांचा जयघोष पुष्कळ झाला. दहा वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा मोजदाद झाली तिचा उल्लेख मात्र क्वचित होतो. सरासरी आयुष्य सुमारे निम्म्याने वाढले होते, आणि हयात राहिलेले जे पाच जण आढळले ते सगळे एनालाप्रिलच्या गटातले होते. पाच! औषधाचे मोल आणि रोगाचे क्रौर्य एकाच आकड्यात मावलेले असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. सौम्य रुग्णांवरील ‘सॉल्व्हड’ या १९९१ सालच्या मोठ्या प्रयोगात, २५६९ रुग्णांत, मृत्यूचे प्रमाण ३९.७ वरून ३५.२ टक्क्यांवर आले. शंभरात साडेचार माणसे, असा त्याचा साधा अर्थ.

केवळ दाबाच्या प्रांतात मात्र ‘प्रिल’ला असे निर्विवाद स्वामित्व मिळाले नाही. ‘ऑलहॅट’ या अमेरिकेतील तेहतीस हजारांवर रुग्णांच्या प्रयोगात, ज्याचा निकाल २००२ साली लागला, लिसिनोप्रिल आणि अम्लोडिपिन यांच्याशी क्लोरथॅलिडोन या जुन्या, कवडीमोल, लघवी वाढवणाऱ्या गोळीची बरोबरी लावली गेली. हृदयविकाराच्या झटक्यांच्या बाबतीत तिघे समसमान ठरले. हृदय थकण्याचे प्रमाण तर त्या जुन्या गोळीवर सर्वांत कमी आढळले. नव्या औषधांच्या चकचकीत जाहिरातपत्रिकांत हा निकाल फारसा झळकला नाही, यात नवल ते काय?

दोषाविषयी लिहायचे तर आमच्या धाकट्या काकूंची हकीकत सांगतो. त्यांना हृदयाच्या थकव्यासाठी एनालाप्रिल सुरू झाले, पायांची सूज ओसरली आणि तीनेक आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. दिवसा घशात कुसळ अडकल्यासारखा, रात्री अधिक. घरच्यांनी प्रथम हळद-दूध दिले, मग ज्येष्ठमध, मग एका दवाखान्यातून खोकल्याची तीन निरनिराळी औषधे, एकदा छातीचा फोटो. तीन महिने गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी खोकल्याकडे न पाहता औषधांचा डबा मागवला, कात्रीने कापलेल्या पट्ट्या एकेक करून उलटून पाहिल्या आणि म्हणाल्या, “काकू, खोकला तुमचा नाही, या गोळीचा आहे.” ज्या ब्रॅडिकायनिनला कारकून फाडून टाकीत असे ते आता साचत होते, फुप्फुसाच्या वाटा चाळवीत होते. दहांतील एखाद्याला, आणि पूर्व आशियातील लोकांत त्याहून अधिकांना, हा खोकला होतो. तो धोक्याचा नाही. ओठ, जीभ, घसा एकाएकी सुजणे हा प्रकार विरळा, पण जिवावर बेतणारा. तो एकदा झाला की ही औषधे कायमची वर्ज्य. गर्भवतीला तर ती मुळीच देऊ नयेत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांची वाढ त्यांनी खुंटते.

काकूंना मिळाली ती ‘सार्टन’ कुळातली गोळी. या कुळाचा मूळपुरुष लोसार्टन १९९५ साली अमेरिकेत बाजारात आला. हे औषध हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाला हात लावीत नाही, हुकूम जिथे पोहोचतो तो दरवाजा बंद करते. म्हणून ब्रॅडिकायनिन साचत नाही आणि खोकलाही होत नाही. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत आज टेल्मिसार्टन सर्रास दिसते ते यामुळेही. पुढची चाल अशी की व्हल्सार्टनसोबत सॅक्युबिट्रिल हे दुसरे औषध जोडून, हृदय स्वतः सोडते ती सूज उतरवणारी द्रव्ये टिकवून धरायची. २०१४ सालच्या ‘पॅराडाइम’ प्रयोगात, ८४४२ रुग्णांत, या जोडगोळीने खुद्द एनालाप्रिलला मागे टाकले: हृदयविकाराने मृत्यू अथवा हृदय थकल्याने रुग्णालयात भरती, यांचे प्रमाण २६.५ ऐवजी २१.८ टक्के. मात्र ‘प्रिल’ बंद करून छत्तीस तास लोटल्याखेरीज ही जोडगोळी सुरू करायची नसते, एरवी घसा सुजण्याचा तोच धोका दुणावतो.

भारतात ही औषधे सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली त्यामागे १९७० चा पेटंट कायदा आहे. त्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे, केवळ बनवण्याच्या रीतीवर हक्क मान्य केला. त्यामुळे निराळ्या रीतीने एनालाप्रिल बनवण्यास देशी कारखान्यांना आडकाठी उरली नाही. २००५ साली ती सवलत संपली, पण तोवर ‘प्रिल’ कुळ घरोघर रुळले होते. दुखणे किमतीत कमी आणि वहिवाटीत अधिक आहे. प्रयोगांत एनालाप्रिल दिवसाला वीस, कधी चाळीस मिलिग्रॅमपर्यंत चढवले गेले. व्यवहारात अडीच-पाचवर सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षे तिथेच राहते, कारण मात्रा वाढवायची तर दाब, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासावे लागते. सुरुवातीस क्रिएटिनिन थोडे, तिसेक टक्क्यांपर्यंत, वाढले तर भिऊन गोळी तोडू नये, हा नियम पुस्तकात आहे. प्रयोगशाळेचा कागद लाल अक्षरात आला की रुग्ण ती स्वतःच तोडतो. शिवाय स्वयंपाकघर. मीठ कमी करा म्हटले की लोणचे-पापड तसेच राहून पांढऱ्या मिठाच्या जागी सैंधव येते, आणि तेही मीठच. किंवा ‘लो सोडियम’ मीठ येते, ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. या गोळ्या पोटॅशियम आधीच अडवून धरतात, तेव्हा ही काटकसर हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. हे डबीवर बारीक अक्षरात छापलेले असते, चष्मा शोधून वाचणारे थोडे.

काकूंचा खोकला गोळी बदलल्यावर पंधरवड्यात गेला. मी त्यांना जराराकाची गोष्ट सांगितली त्याला आता दीड वर्ष झाले. तेव्हापासून त्या रोज सकाळी सुनेकडे ‘सापाची गोळी दे गं’ म्हणून मागणी करतात. तुमची ती गोळी मागेच बंद झाली, हे टेल्मिसार्टन, याचा सापाशी काही संबंध नाही, असे मी दोनदा समजावून पाहिले. त्यावर त्या म्हणाल्या, “असू दे रे, पाण्याबरोबर दोन्ही सारख्याच जातात,” आणि पट्टी परत डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावले.